व्यापारी तंट्यांचा निर्णय : लवाद व न्यायालय यांची राज्यवार तुलना

व्यापारी करारातून उद्भवणारा तंटा तोडण्याचे दोन मार्ग आपल्या देशात रूढ आहेत. एक, दिवाणी न्यायालयात दावा लावणे. आणि दुसरा, उभय पक्षांनी संमतीने नेमलेल्या पंचांकडे तो सोपविणे. या दुसऱ्या मार्गास लवाद म्हणतात, आणि पंचांच्या निर्णयास निवाडा. लवाद जलद, स्वस्त व खाजगी. न्यायालय मंद, खर्चिक व उघड, अशी या दोहोंची तुलना नेहमी करण्यात येते. ती सर्वस्वी चुकीची नाही; परंतु लवाद पत्करला म्हणजे न्यायालय टळले, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. पंचांच्या नेमणुकीपासून निवाड्याची रक्कम पदरात पडेपर्यंत लवादास पदोपदी न्यायालयाचे साहाय्य लागू शकते. हे न्यायालय कोणत्या शहरातील असावे, हे करारातील ज्या एका ओळीने ठरते, ती ओळ सही करताना बहुधा कोणी वाचीत नाही. राज्याराज्यांतील भेद लवादाने नाहीसे होत नाहीत. त्यांपैकी कोणता भेद आपल्या वाट्यास यावा, हे मात्र अगोदर ठरविता येते. आणि करार लिहिणाराच ते ठरवितो. हा मुद्दा विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

पंचांकरवी तंटा तोडण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. पेशवाईत गोतसभा व पंचायती हेच न्यायदानाचे मुख्य साधन होते. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीच्या गुणदोषांची चर्चा केली, आणि १८२७ च्या मुंबई विनियमांत लवादासंबंधी स्वतंत्र तरतूद झाली. तत्पूर्वी बंगाल व मद्रास इलाख्यांतही तसे नियम झाले होते. म्हणजे आधुनिक काळाच्या आरंभापासूनच लवादाचा कायदा इलाख्यागणिक निराळा होता.

१८९९ च्या लवाद कायद्याने हा भेद मिटला नाही. तो कायदा मुख्यतः मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांपुरता होता. मुफसलात दिवाणी प्रक्रिया संहितेतील तरतुदी चालत. कापूस व ताग यांच्या मोठ्या पेठा याच शहरांत असल्याने व्यापारी मंडळांचे लवादही तेथेच वाढले. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानास एक कायदा मिळाला तो १९४० मध्ये. या कायद्यान्वये निवाडा न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूमनामा मिळवावा लागे, आणि या दारातून प्रत्येक तंटा पुन्हा न्यायालयात शिरे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानक फाउंडेशन प्रकरणात या स्थितीवर अत्यंत कडक ताशेरे ओढले. १९९६ च्या लवाद व समेट कायद्याने ही पद्धत बदलली. आता निवाडा हाच हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. तो रद्द करून घ्यावयाचा असेल तर तीन महिन्यांच्या आत, व सबळ कारण दाखविल्यास त्यानंतर आणखी तीस दिवसांच्या आत, अर्ज करावा लागतो. आणि त्याची कारणेही मोजकीच आहेत.

कायदा एक, न्यायालये अनेक

१९९६ चा कायदा देशास एक असला, तरी त्याने सांगितलेले 'न्यायालय' सर्वत्र एकाच दर्जाचे नाही. सामान्यतः ते जिल्ह्याचे प्रमुख दिवाणी न्यायालय असते. तथापि ज्या थोड्या उच्च न्यायालयांस मूळ दिवाणी अधिकार आहे, तेथे ते काम उच्च न्यायालयाकडे जाते. मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली ही त्यांतील प्रमुख होत. परिणामी मुंबईत झालेल्या मोठ्या रकमेच्या निवाड्याविरुद्धचा अर्ज उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ऐकतात. तर पुणे, अहमदाबाद किंवा बंगळूर येथे तसाच अर्ज प्रथम जिल्हा अथवा शहर दिवाणी न्यायालयाच्या पातळीवर चालतो. २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने या दोन्ही पातळ्यांवर व्यापारी खटल्यांसाठी वेगळी व्यवस्था केली आणि २०१८ मध्ये तीसाठीची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आणली. परंतु दोन पातळ्यांचा भेद राहिलाच. ज्या न्यायालयापुढे असे अर्ज रोज येतात तेथील न्यायाधीशास निवाड्यात कोठवर हात घालावा याचा सराव असतो; जेथे ते क्वचित येतात तेथे तो असतोच असे नाही.

काही राज्यांनी याहून पुढे जाऊन वेगळी वाट धरली. मध्य प्रदेशाने १९८३ च्या कायद्याने सरकारी बांधकामाच्या कंत्राटांतील तंट्यांसाठी भोपाळ येथे स्वतंत्र अधिकरण स्थापिले. तेथे कंत्राटात लवादाचे कलम असले तरी तंटा त्या अधिकरणाकडेच न्यावा लागतो, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था ग्राह्य धरली. गुजरातने १९९२ मध्ये व बिहारने २००८ मध्ये याच धर्तीचे कायदे केले. केरळाने १९९८ मध्ये सरकारी कंत्राटांतील लवादाची कलमे रद्द करून झालेले निवाडे पुन्हा उघडण्याचा अधिकार घेतला होता. न्यायालयीन सत्तेवरील अतिक्रमण म्हणून तो कायदा २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरला. जम्मू व काश्मीरमध्ये १९९७ चा स्वतंत्र लवाद कायदा होता. तो ३१ ऑक्टोबर २०१९ पासून संपुष्टात आला. एकाच कंत्राटदाराने नागपूर व जबलपूर येथे सारखेच काम घेतले, तरी तंटा झाल्यास त्याला दोन अगदी निराळ्या पीठांपुढे उभे राहावे लागेल, ते यामुळे.

स्थानाचे महत्त्व

दावा कोठे लावावा, यावर पक्षांच्या इच्छेस मर्यादा आहे. प्रतिवादी जेथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा दाव्याचे कारण जेथे सर्वस्वी वा अंशतः घडले, तेथील न्यायालयातच तो लावता येतो. अशी न्यायालये एकाहून अधिक असल्यास त्यांतील एक निवडण्याचा करार चालतो. परंतु मुळात अधिकार नसलेल्या न्यायालयास कराराने अधिकार देता येत नाही.

लवादात हे बंधन उरत नाही. २०१७ मधील इंडस मोबाइल प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. माल पुरविणारी कंपनी अमृतसरची, घेणारी चेन्नईची, आणि माल दिल्लीहून गेलेला. मुंबईचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता. मात्र करारात लवादाचे स्थान मुंबई असे लिहिले होते. एवढ्यावरून मुंबईच्या न्यायालयासच, व इतर कोणासही नाही, या लवादावर अधिकार आहे, असा सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. २०१९ च्या बीजीएस सोमा प्रकरणात हेच तत्त्व अधिक विस्ताराने मांडले गेले.

येथे लवादाचे 'स्थान' आणि पंचांच्या 'बैठकीची जागा' यांतील भेद ध्यानात ठेवावा. पंच सोयीसाठी साक्षीदारांच्या गावी बैठक घेऊ शकतात. त्यामुळे स्थान बदलत नाही. परंतु करारात केवळ 'लवाद अमुक शहरी होईल' एवढेच लिहिले असेल, आणि उलट अर्थ दाखविणारे दुसरे काही नसेल, तर ते शहर हेच स्थान समजले जाते. जे बसण्याचे ठिकाण म्हणून लिहिले असे सही करणारास वाटते, ते पुढे न्यायालय ठरविणारे कलम निघते.

खर्च

लवाद स्वस्त की न्यायालय, या प्रश्नास सर्व राज्यांस लागू पडेल असे एक उत्तर नाही. न्यायालयीन शुल्क राज्यागणिक वेगळे आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून दाव्यावरील शुल्काची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. तामिळनाडूत २०१७ च्या दुरुस्तीने पैशाच्या दाव्यावरील शुल्क साडेसात टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आले. लवादात सरकारला असे शुल्क द्यावे लागत नाही. परंतु न्यायाधीशाचे वेतन सरकारी तिजोरीतून होते, तर पंचांचे मानधन पक्षांनाच द्यावे लागते. १९९६ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत २०१५ मध्ये मानधनाचे नमुनादाखल दर घातले गेले. ते सर्वत्र बंधनकारक नाहीत. तथापि तुलनेस उपयोगी आहेत.

कोइमतूरच्या सूत व्यापाऱ्याची मागणी १० लाखांची असेल, तर तेथील न्यायालयात शुल्क ३०,००० रुपये होईल. अनुसूचीच्या दराने एकट्या पंचाचे मानधन ७८,१२५ रुपये व तिघांचे १,८७,५०० रुपये होते. मागणी १० कोटींची असेल, तर त्याच न्यायालयात शुल्क ३० लाख, आणि एका पंचाचे मानधन १५,४६,८७५ रुपये. पण हाच १० कोटींचा दावा कोल्हापुरास लागला, तर शुल्क १० लाखांपलीकडे जाणार नाही. म्हणजे तेथे एका पंचाहूनही न्यायालय स्वस्त पडेल. मानधनाचा भार सामान्यतः उभय पक्ष वाटून घेतात, आणि वकिलांचा व जागेचा खर्च या हिशेबात धरलेला नाही, हे खरे. तरीही दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. लहान रकमेच्या तंट्यास तीन पंच नेमणे म्हणजे मूळ मागणीचा मोठा अंश प्रथमच खर्ची घालणे होय. आणि मोठ्या रकमेच्या बाबतीत उत्तर राज्यावर अवलंबून राहते.

काळ

कालमर्यादेच्या बाबतीत लवादाचा पक्ष अधिक बळकट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर देशांतर्गत लवादात कैफियती पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा झाला पाहिजे. पक्षांच्या संमतीने आणखी सहा महिने मिळतात. त्यापुढील मुदत न्यायालयाकडून घ्यावी लागते. २०१५ पूर्वी निवाड्याविरुद्ध नुसता अर्ज केला की अंमलबजावणी आपोआप थांबे. आता स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते, आणि पैशाच्या निवाड्यात न्यायालय ती देताना रक्कम भरण्याची अट घालू शकते.

दुसऱ्या बाजूस न्यायालयेही होती तेथेच राहिलेली नाहीत. व्यापारी दाव्यात प्रतिवादीने १२० दिवसांत कैफियत दिली नाही तर त्याचा तो हक्क जातो. हुंडी, वचनचिठ्ठी वा लेखी करारावरील ठराविक रकमेसाठी दिवाणी संहितेच्या सदतिसाव्या आदेशाखालील संक्षिप्त दावा लावता येतो. तेथे प्रतिवादीस बचावाची परवानगी मागावी लागते. तंट्यात करारबाहेरील अनेक इसम गुंतलेले असतील, तर पंचांचा हात त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. न्यायालय त्यांना दाव्यात सामील करून घेऊ शकते. तेव्हा साध्या वसुलीस व बहुपक्षीय तंट्यास न्यायालय, आणि मालाची प्रत, बांधकामाचे मोजमाप यांसारख्या तज्ज्ञतेच्या प्रश्नास लवाद, अशी स्थूल विभागणी करता येईल.

अंमलबजावणी

निर्णय एका राज्यात आणि ऋणकोची मालमत्ता दुसऱ्या राज्यात, ही व्यापारात नित्याची गोष्ट आहे. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेरील मालमत्तेवर करावयाची, तर तो प्रथम तेथील न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. निवाड्यास ही पायरी लागत नाही. २०१८ च्या सुंदरम फायनान्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, जेथे मालमत्ता असेल तेथील न्यायालयात निवाडा सरळ अंमलबजावणीसाठी नेता येतो. राज्यांच्या सीमा ओलांडण्याच्या कामी निवाडा हा हुकूमनाम्याहून सुटसुटीत आहे, हा लवादाचा एक मोठा गुण होय.

मात्र हाच गुण दुसऱ्या बाजूने पाहावा. सोलापूरचा एखादा वाहनमालक छापील करारावर सही करून कर्ज घेतो. त्यात लवादाचे स्थान दूरचे एक महानगर असते. हप्ते थकतात, तेथे लवाद चालतो, नोटीस येऊनही तो जात नाही, आणि निवाडा सोलापूरच्या न्यायालयात वसुलीसाठी येतो. निवाडा अयोग्य होता असे त्याचे म्हणणे असल्यास ते सोलापुरास सामान्यतः ऐकले जाणार नाही. त्यासाठी त्याने त्या महानगरातील न्यायालयात मुदतीत अर्ज करावयास हवा होता. वसुली त्याच्या दारी होते. दाद मात्र शेकडो मैलांवर.

दुर्बल पक्षाचे संरक्षण

या विषमतेची दखल कायद्याने अंशतः घेतली आहे. तंट्याच्या निकालात ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्याने एकट्याने पंच नेमू नये, हे तत्त्व २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात मान्य झाले. शासन व खाजगी पक्ष यांच्यातील करारांत अशी एकतर्फी नेमणूक समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे २०२४ मध्ये घटनापीठाने सांगितले.

लघुउद्योगांपुरती २००६ च्या कायद्याची तरतूद याहून परिणामकारक आहे. माल पुरविणारा नोंदलेला सूक्ष्म वा लघु उद्योग असेल, तर थकलेल्या रकमेसाठी त्याला आपल्या राज्यातील सुलभीकरण परिषदेकडे जाता येते. खरेदीदार भारतात कोठेही असो. परिषद प्रथम समेटाचा यत्न करते व तो निष्फळ झाल्यास लवाद चालविते. करारात दुसरे काही लिहिले असले तरी ही तरतूदच वरचढ ठरते, असे २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात निश्चित झाले. निवाड्याविरुद्ध जाणाऱ्या खरेदीदारास ७५ टक्के रक्कम अगोदर भरावी लागते. येथे स्थान ठरविण्याचा अधिकार बलवान पक्षाकडून काढून कायद्याने पुरवठादारास दिला आहे. मात्र कर्ज घेणारा वाहनमालक या तरतुदीत बसत नाही, हे विसरता येत नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, लवाद की न्यायालय हा प्रश्न तत्त्वतः सोडविण्याचा नसून तंट्याचे स्वरूप, रक्कम, मालमत्तेचे ठिकाण आणि त्या त्या राज्याची व्यवस्था पाहून सोडविण्याचा आहे. लवादाचे गुण संमतीवर उभे आहेत. जेथे दोन तुल्यबळ व्यापारी विचारपूर्वक स्थान व पंच ठरवितात, तेथे ते पुरेपूर प्रत्ययास येतात; जेथे एक पक्ष कलम लिहितो आणि दुसरा केवळ सही करतो, तेथे संमती नाममात्र उरते. म्हणून करार करणाराने किंमत व मुदत यांइतक्याच काळजीने तीन गोष्टी पाहाव्यात : लवादाचे स्थान कोणते, पंच किती, आणि त्यांची नेमणूक कोण करणार. तंटा उभा राहिल्यावर या तीन गोष्टी सहसा बदलता येत नाहीत; सहीपूर्वी त्या एका वाक्याने बदलता येतात.