'भूत शोधणारं ॲप' नेमकं काय मोजतं? नळदुर्गपासून सास्तूरपर्यंत

"रात्री १२ वाजता झपाटलेल्या जागेत" अशा नावाचा एखादा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. परदेशी व्हिडिओंमध्ये ही जागा बऱ्याचदा बंद पडलेलं मनोरुग्णालय असते. अमेरिकेतलं डॅनव्हर्स स्टेट हॉस्पिटल हे त्यातलं गाजलेलं नाव. ते १८७८ साली सुरू झालं आणि १९९२ साली बंद पडलं. पुढे त्याची बरीचशी इमारत पाडून तिथे राहण्याचे फ्लॅट झाले. लोक तिथे आज रोज झोपतात, उठतात, कामावर जातात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं चालू आहेत, तिथे रोज रुग्णांवर उपचार होतात. त्यामुळे आपले 'भूत शोधणारे' कॅमेरे जातात ते किल्ल्यांत, पडक्या वाड्यांत आणि ओस गावांत. धाराशिव जिल्ह्यात या दोन्ही प्रकारच्या जागा आहेत. एकीकडे नळदुर्ग आणि परंड्यासारखे किल्ले, दुसरीकडे १९९३ च्या भूकंपानंतर सोडून दिलेली जुनी गावठाणं.

या व्हिडिओंमधली यंत्रं खोटी असतात का? नाही. बहुतेक यंत्रं काहीतरी खरंच मोजतात. फक्त ते 'काहीतरी' म्हणजे भूत नसतं. मग काय असतं, ते एकेक करून बघूया.

१. फोनमधलं 'भूत मीटर'

प्ले स्टोअरवरची बरीच घोस्ट डिटेक्टर ॲप्स फोनमधला मॅग्नेटोमीटर वापरतात. हा सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. मॅप उघडल्यावर तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे फोनला याच सेन्सरमुळे कळतं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं. ॲप हा आकडा वाचत राहतं. तो अचानक वाढला किंवा कमी झाला की स्क्रीन लाल करतं आणि आवाज काढतं. अर्ध्याहून जास्त कामगिरी त्या लाल रंगाची आणि आवाजाची असते.

आता हेच ॲप घेऊन नळदुर्ग किल्ल्यात गेलात, तर आकडा हलणारच. किल्ला काळ्या बेसॉल्ट दगडाचा आहे. या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहयुक्त खनिज असतं. उंचावरच्या बेसॉल्टवर वीज पडली, तर तेवढा भाग चांगलाच चुंबकीय होतो आणि त्याच्याजवळ होकायंत्राची सुई भरकटते. त्यात उपळी बुरुजावर मोठ्या तोफा आहेत. तोफेजवळ फोन नेला की आकडा उडी मारतो. फोनच्या फ्लिप कव्हरमधलं चुंबक, हातातलं कडं, शेजारी उभी केलेली मोटारसायकल, यातल्या कशानेही तेच होतं.

काही ॲप्स तर सेन्सरकडे बघतही नाहीत. ती आतल्या आत रँडम आकडे तयार करतात आणि एका यादीतून शब्द उचलून दाखवतात. "मदत", "विहीर", "आई" असे शब्द त्या यादीत आधीच भरलेले असतात. पडक्या वाड्यात "विहीर" आला की आपण दचकतो. "टेबल" आला की दुर्लक्ष करतो. जुळलेलं लक्षात राहतं, न जुळलेलं विसरून जातो.

२. लाल-हिरव्या दिव्यांचं के-टू मीटर

हे छोटं यंत्र एसी विद्युतप्रवाहाभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र पकडतं. घरातलं वायरिंग किंवा ट्रान्सफॉर्मर अशा गोष्टींजवळ ते नीट काम करतं. पण फोनच्या सिग्नलनेही त्याचे दिवे लागू शकतात. ओसाड जागी रेंज कमी असते. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. म्हणजे जिथे वस्ती नाही, तिथेच खिशातला फोन यंत्राला जास्त त्रास देणार. व्हिडिओ करणाऱ्या चौघांच्या खिशात चार फोन असतात, हे विसरू नका.

३. स्पिरिट बॉक्स

हा खरं तर एक रेडिओ आहे, जो एका स्टेशनवर थांबत नाही. सेकंदाला अनेक वेळा फ्रिक्वेन्सी बदलत पुढे सरकतो. त्यामुळे खरखर ऐकू येते आणि मध्येच एखाद्या शब्दाचा तुकडा येतो. धाराशिव जिल्हा कर्नाटकच्या सीमेला लागून आहे. धाराशिव, सोलापूर, कलबुर्गी अशी आकाशवाणीची केंद्रं आसपास आहेत. रात्री मीडियम वेव्हवर तर फार लांबची स्टेशनंही लागतात. त्यामुळे मराठी, कन्नड, हिंदी, तेलुगू यांचे तुकडे एकापाठोपाठ कानावर पडणारच. "इथे कोण आहे?" असं विचारून कोणी कान लावून बसलं, की मेंदू त्या तुकड्यांतून उत्तर जोडतो.

४. स्क्रीनवरचा 'काड्यांचा माणूस'

काही व्हिडिओंमध्ये रिकाम्या खोलीत काड्यांची एक आकृती हलताना दिसते. हा बहुतेक वेळा गेमिंगसाठी आलेल्या किनेक्ट कॅमेऱ्याचा प्रकार असतो. मायक्रोसॉफ्टने तो २०१० साली आणला. तो इन्फ्रारेड ठिपके समोर फेकतो, त्यावरून अंतर मोजतो आणि त्या आकारात माणसाचे सांधे शोधतो.

'शोधतो' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दिवाणखान्यात कोणीतरी खेळायला उभं आहे, हे गृहीत धरूनच ते सॉफ्टवेअर बनवलं आहे. "समोर माणूस आहे का?" हा प्रश्न ते विचारतं, आणि अर्धवट जुळणाऱ्या आकारालाही माणूस समजू शकतं. पडकी भिंत, लोंबकळणारी वेल, मोडकी चौकट अशा गोष्टींत त्याला खांदे आणि गुडघे सापडतात. मोबाइलचा कॅमेरा भिंतीवरच्या डागाभोवती चेहऱ्याचा चौकोन दाखवतो, तसलाच हा प्रकार. माणसाचा मेंदूही हेच करतो. ढगात चेहरा दिसतो तो याच सवयीमुळे.

फोटोतल्या पांढऱ्या गोल 'ऑर्ब'चं कारण आणखी साधं आहे. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो. हवेतला धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब त्यात चमकतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे मोठ्या गोळ्यासारखा दिसतो.

पण अंगावर काटा तर खरंच येतो!

हो, येतो. आणि "सगळं मनाचे खेळ" म्हणून तो झटकून टाकणंही बरोबर नाही. यामागे काय असू शकतं, यावर अभ्यास झालेले आहेत.

इंग्लंडमधले इंजिनिअर विक टँडी एका प्रयोगशाळेत काम करायचे. तिथे लोकांना अस्वस्थ वाटायचं, थंडी वाजायची. टँडींना स्वतःला डोळ्यांच्या कडेला एक करडी आकृती दिसली होती. एकदा शिकंज्यात लावलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरताना त्यांना दिसलं आणि शोध सुरू झाला. कारण निघालं एक नवा एक्झॉस्ट फॅन. त्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची ध्वनिलहर तयार होत होती. एवढा खालचा आवाज कानाला कळत नाही, पण हवा हलत असते. साधा हिशोब करा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले १९, म्हणजे लहरीची लांबी १८ मीटर. खोली त्याच्या निम्मी, म्हणजे ९ मीटर लांब असेल, तर लहर तिच्यात अडकून राहते. टँडींनी हे १९९८ साली प्रसिद्ध केलं.

नळदुर्गचा पाणीमहाल इथे आठवतो. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, त्या बांधाच्या पोटात हा महाल बांधला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की पाणी डोक्यावरून पलीकडे कोसळतं आणि तुम्ही दगडी खोलीत आत उभे असता. मोठा धबधबा ऐकू येणाऱ्या आवाजाबरोबर अगदी खालचे आवाजही तयार करतो. तिथे छातीत घुमल्यासारखं वाटलं, तर त्याला कारण आहे.

पण टँडींच्या गोष्टीवर थांबलो, तर आपणही अर्धवटच सांगू. लंडनमध्ये क्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम एक रिकामी खोली बनवली. त्यात कधी अतिमंद ध्वनी सोडला, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, तर कधी काहीच नाही. ७९ लोक आळीपाळीने त्यात ५० मिनिटं राहिले. "इथे काही विचित्र वाटू शकतं" हे त्यांना आधी सांगितलं होतं. अनेकांना विचित्र वाटलंही. पण त्याचा संबंध ना ध्वनीशी लागला, ना चुंबकीय क्षेत्राशी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा सर्वात सरळ अर्थ हा, की आधी सांगितलेली गोष्ट यंत्रापेक्षा जास्त काम करते.

म्हणजे अंधार, गारवा, वटवाघळांची फडफड, गव्हाणी घुबडाचं किंचाळणं हे सगळं शरीराला सावध करतं. त्या सावधपणाला 'भूत' हे नाव मात्र आपण घरून सोबत घेऊन आलेलो असतो.

जुन्या गावठाणात

आता सास्तूर आणि किल्लारीच्या बाजूला येऊ. सास्तूर धाराशिव जिल्ह्यात, किल्लारी शेजारच्या लातूर जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळपास १० हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं होती. भिंत फुटली की सगळं वजन झोपलेल्या माणसांवर. नंतर ५२ गावांचं पूर्णपणे दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं. जुन्या जागी ढिगारे, चौथरे आणि बाभळी उरल्या.

त्या जागेत गेल्यावर अंगावर काटा येतोच. त्याला मीटर लागत नाही. तिथे काय झालं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून येतो. त्या ढिगाऱ्यात ज्यांची माणसं गेली, ते लोक दोन-चार किलोमीटरवरच्या नव्या गावात राहतात. तिथे जाऊन स्पिरिट बॉक्स लावायचा आणि "आवाज आला" म्हणून व्हिडिओ टाकायचा, म्हणजे कोणाच्या तरी आईच्या नावाने खरखर विकणं आहे.

दुसरा तोटा याहून मोठा आहे. झोप न लागणं, सतत भीती वाटणं, कानात आवाज येणं, ही मनाच्या आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. पण घरातल्यांच्या डोक्यात "बाधा झाली" बसलेलं असेल आणि वर एखाद्या ॲपने लाल दिवा दाखवला, तर माणूस दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, दोरीने किंवा साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. आणि मदत हवी असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं.

खरा धोका कुठला?

ओस जागेत जीव जातो तो वेगळ्याच कारणांनी. जाण्याआधी हे वाचा:

- पेव: धान्य साठवायचं जमिनीखालचं पेव किंवा जुना आड यात उतरू नका. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो आणि ऑक्सिजन कमी असतो. माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. हा वायू मोजणारा सेन्सर फोनमध्ये नसतो.
- भिंती आणि माळवद: पावसाने भिजलेली मातीची भिंत आवाज न करता बसते. तिला टेकून फोटो काढू नका.
- वटवाघळं: बंद खोलीतल्या त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसाला बुरशीजन्य आजार होऊ शकतो. मास्क लावा, धूळ उडवू नका.
- साप-विंचू: बूट घाला, टॉर्च वेगळा ठेवा, ढिगाऱ्यात हात घालू नका.
- एकट्याने जाऊ नका. किल्ल्याची वेळ संपल्यावर आत थांबू नका.

स्वतः तपासून बघायचंय?

मग नीट तपासा. एखादं साधं मॅग्नेटोमीटर ॲप घ्या, जे फक्त आकडा दाखवतं. दिवसा जा. सगळ्यांचे बाकीचे फोन फ्लाइट मोडवर टाका आणि कव्हर काढा. एकाच जागी, फोन एकाच दिशेला धरून १० वेळा आकडा लिहा. मग भिंतीजवळ, तोफेजवळ, मोकळ्या मैदानात तेच करा. रात्रीचे आकडे हवे असतील तर ते तुमच्या घरीच घ्या. शेवटी एका मित्राला फक्त आकडे दाखवा, जागेची नावं लपवा आणि विचारा, "यातली झपाटलेली जागा कुठली?" त्याला ओळखता आली नाही, तर ॲपलाही येत नाही.

आणि त्याच फोनमध्ये या भागासाठी खरंच कामाचा एक सेन्सर आहे: ॲक्सेलरोमीटर, हालचाल मोजणारा. शांत पडलेल्या अनेक फोनना एकाच वेळी हादरा जाणवला, तर गुगलची यंत्रणा त्यावरून भूकंप ओळखते आणि जोरदार धक्का पोहोचण्याआधी काही सेकंद इशारा देण्याचा प्रयत्न करते. केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना हा वेळ मिळेलच असं नाही, थोडं लांब असलेल्यांना मिळू शकतो. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' उघडा, 'अर्थक्वेक अलर्ट्स' चालू आहे का बघा. इंटरनेट आणि लोकेशन दोन्ही चालू असावं लागतं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही लगेच चालू करून द्या.