नंबर नसलेली परीक्षा

दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तोंडावर येतात. वर्षात दोन सत्रं: एक एप्रिल-मे महिन्यांत, दुसरं नोव्हेंबर-डिसेंबरात. गायन, तबला, हार्मोनियमच्या मुलांनी केंद्र भरून जातं. सतार किंवा व्हायोलिन घेऊन आलेली मुलं त्या गर्दीत मोजकीच दिसतात, आणि त्यांचीच परीक्षा बारकाईने पाहण्यासारखी असते.

तबल्याच्या विद्यार्थ्याला ठेका तरी हातावर घोटून आणता येतो. व्हायोलिनवाल्या मुलाला मात्र परीक्षकांसमोर बसून आधी वाद्य मिळवावं लागतं. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं, गजाला राळ लावायची आणि चारही तारा सा-प, सा-प अशा लावायच्या. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तरी गंधार उतरतो, आणि समोरच्या जाणकाराला ते ताबडतोब कळतं. मग अलंकार, एखाद्या रागाचे आलाप, गत, ताना. मध्येच परीक्षक म्हणतात, ‘‘एकताल हातावर दे बरं, दुगुन म्हण.’’ किंवा चार सुरांची एक जागा गुणगुणून विचारतात, ‘‘हा कुठला राग?’’ सुरुवातीच्या परीक्षा अशा प्रात्यक्षिकाच्याच असतात. लेखी पेपर पुढे येतो आणि वरच्या टप्प्यांवर मंचप्रदर्शनही.

शेवटी वर्ग मिळतो: विशेष योग्यता, प्रथम, द्वितीय. पण शेजारी बसलेल्या मुलीला मागे टाकायचं नसतं. दोघांनीही भूप नीट वाजवला तर दोघंही पास. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून टीव्हीवरच्या कार्यक्रमांपर्यंत जिथे तिथे कुणीतरी बाद होत असताना ही गोष्ट फार मोलाची आहे.

पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. सातव्या पायरीवर विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकार. या शिडीचं मूळ पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या कामात आहे. 1872 साली कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाची दृष्टी फटाक्याच्या अपघातात अधू झाली आणि तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागला. तेव्हा शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि विद्या कधी मिळेल याची वाट पाहायची. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि विद्येचं दार सर्वांना उघडलं: ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली स्वरलिपीची पुस्तकं, परीक्षा. 1908 मध्ये मुंबईला शाखा निघाली. 1931 च्या ऑगस्टमध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला मंडळ स्थापलं. पुढे मंडळाचं कार्यालय मिरजेत आलं.

तेही योग्य गावी आलं. तिथल्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता या वाद्यांच्या गावापासून दूर, रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी घ्या. या महाड-पोलादपूरच्या मुलखात तारेचं वाद्य म्हटलं की सप्ताहात गळ्यातून गळ्यात जाणारी वीणा आठवते; खाली न ठेवता रात्रंदिवस उभ्याने धरलेली. नाहीतर पोवाड्यात डफाला साथ देणारं तुणतुणं. कान तयार व्हायला एवढं पुष्कळ झालं. पण इथल्या पोराला सतारीवर यमन वाजवायचा असेल, तर शिक्षक शोधण्यापासून सुरुवात. अशा मुलासाठी छापील अभ्यासक्रम म्हणजे मोठाच आधार. दादरच्या मुलीला जे राग, तेच त्याला. मंडळ परीक्षक बाहेरून पाठवतं, त्यामुळे गावच्या कौतुकापलीकडचा एक कान त्याला एकट्याला ऐकतो. खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला असं ऐकणं एरवी क्वचितच येतं.

इंग्लंडात हीच कल्पना आणखी जुनी. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने 1877 मध्ये संगीताच्या परीक्षा सुरू केल्या. 1889 मध्ये दोन रॉयल संस्थांनी मिळून मंडळ काढलं. त्याच्या आठ ग्रेड आज मुंबई-पुण्याची मुलंही देतात. दीडशे गुणांत शंभरला पास! आपल्या पस्तीस टक्क्यांच्या सवयीला हे कडक वाटेल, पण वाद्याच्या बाबतीत ते रास्त आहे. एक तृतीयांश सुरात वाजवलेला राग कुणाला ऐकवणार? गोव्यात मात्र व्हायोलिन या परीक्षांच्या कितीतरी आधी चर्चच्या शाळांतून मुलांच्या हाती आलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

धोका आहे तो घाईचा. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले आणि काही पालक मुलांना दर सत्राला फॉर्म भरायला लावू लागले. परीक्षेपुरते राग, परीक्षेपुरत्या ताना. निकाल लागला की सतार गवसणीत. तंतुवाद्याला हे सोसत नाही. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडायला, मींड नेमक्या सुरावर थांबायला वेळ लागतोच. मध्यमाला एक वर्ष जास्त लागलं तर काही बिघडत नाही. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी व्हायोलिन गायला लावलं ते गळ्याच्या गाण्यावर वर्षानुवर्षं कान ठेवून. म्हणून परीक्षेच्या रागांबरोबर ऐकण्याचाही तास शिक्षकांनी ठेवावा.

आणि यंदाच्या सत्राला बसणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. कोकणच्या पावसात लाकडी खुंट्या फुगून घट्ट बसतात. हिवाळ्याची कोरडी हवा सुटली की त्याच निसटू लागतात. खुंटीला खडू लावून पाहावा. नवी तार ताणत राहते, सूर उतरत राहतो. म्हणून ती परीक्षेच्या आदल्या रात्री चढवू नये, पंधरा दिवस आधी बदलून रोज वाजवावी. जास्तीची एक तार आणि सतारीसाठी दुसरी नखी पिशवीत टाकावी. मुलाला स्वतःचं वाद्य स्वतः लावता येत नसेल, तर उरलेल्या दिवसांत नवी तान शिकवण्याऐवजी तेच शिकवावं.