खाजेचा इलाज आणि झाडपाल्याची कैफियत

अकोल्याहून पातूरचा घाट चढून वाशिमकडे जाणाऱ्या सडकेवर मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव लागते. भोवतालच्या पानझडी रानाशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे, त्यांना अंगाला खाज सुटताच प्रथम झाडपाला आठवावा, यात अस्वाभाविक असे काही नाही. आक्षेप आहे तो या स्मरणामागून निमूटपणे येणाऱ्या समजुतीवर, की जे निसर्गातून आले त्याचा गुण न आला तरी अपाय खचित होणार नाही. ही समजूत खोडण्यास परदेशी प्रयोगशाळेचा दाखला नको. वऱ्हाडी रानातला बिब्बा पुरेसा आहे.

बिब्ब्याच्या सालीत जे काळे, दाहक तेल असते ते त्वचेस लागले असता प्रथम आग आणि पुढे फोड उत्पन्न करते, व ते फोड लागलेल्या जागेपुरतेच राहतील अशी शाश्वतीही नसते. कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यासाठी परीट याच रसाचा उपयोग करीत, आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात मुक्कामास असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी चट्टे उठल्याची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहे. धुतलेल्या कापडावरचा एवढासा ठिपका त्यास पुरला. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात ज्याने पाहिले त्याला हे सांगण्याची गरज नाही. तरीही जुनाट खाजेवर बिब्ब्याचा चटका देण्याचा दस्तूर पुरता मावळलेला नाही. वेदना मोठी झाली की खाज विसरते, एवढाच त्याचा गुण. खाजकुयलीचे तर नावच बोलके आहे, आणि १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आता बांधाबांधावर माजून शेतकऱ्यांच्या पापण्या, मान व कोपराच्या खोबणी खाजवीत असते. या खाजेला लेपापेक्षा त्या गवतापासून दूर राहणे हाच इलाज अधिक मानवतो.

दुसरा गैरसमज असा, की खाज म्हणजे रक्त बिघडल्याची निशाणी. सबब कडुनिंबाचा रस पिऊन रक्त शुद्ध करावे. वास्तविक नायटा ही बुरशीची करणी, खरूज ही त्वचेत बीळ करून अंडी घालणाऱ्या एका सूक्ष्म किड्याची, आणि थंडीच्या दिवसांत पिंढऱ्यांवर उठणारी खाज बहुधा केवळ कोरडेपणाची. या तिहींत रक्ताचा काही अपराध नाही. कडुनिंब निर्गुण आहे असे मात्र कोणी समजू नये. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१४ खरूजग्रस्तांना कडुनिंब व हळद यांचा लेप दिला असता ९७ टक्के रुग्ण तीन ते पंधरा दिवसांत बरे झाल्याचे म्हटले आहे. परंतु तो प्राथमिक स्वरूपाचा प्रयोग होता, आणि एवढ्यावर वैद्यकाने कायम निकाल दिलेला नाही. शिवाय तो लेप होता, पेय नव्हे. लहान मुलांना कडुनिंबाचे तेल पाजल्याने झटके येऊन जीव धोक्यात आल्याच्या घटना नमूद आहेत.

पावसाळ्यात जागोजाग उगवणाऱ्या तरोट्याला आयुर्वेदाने दद्रुघ्न म्हटले, आणि त्याच्या बियांतील क्रायसोफॅनॉल नावाच्या द्रव्यात बुरशीविरोधी गुण असल्याचे प्रयोगशाळेत आढळले. तथापि नळीतली बुरशी मरणे आणि जांघेतला नायटा जाणे यांत अंतर आहे. नायट्याचे खरे वाटोळे पाल्याने केले नाही, दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी केले. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र फैलावते आणि पुढे हट्टी होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मज्जाव केला. हुकूम निघाला, अंमल किती होतो हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

मग घरी करावे ते काय? कोरड्या त्वचेच्या खाजेत घरचा इलाज खरोखर उपकारक ठरतो. कढत पाण्याने क्षणभर बरे वाटते, पण त्वचेचा स्निग्धांश धुपून खाज दुपटीने परतते. म्हणून स्नान कोमट पाण्याने, थोडक्यात आटोपावे आणि अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल लावावे. त्यात कापूर घालण्याची आजीबाईंची रीत निराधार नाही, कारण कापराच्या गारव्याने खाजेची जाणीव मंदावते. मात्र शंभर ग्रॅम तेलास दोन ग्रॅमांहून अधिक कापूर नको, आणि तान्ह्या मुलांच्या वाऱ्यासही तो उभा करू नये, कारण पोटात गेल्यास झटके येतात. कोरफडीचे पान कापल्यावर पिवळा चीक निथळू द्यावा व आतला पारदर्शक गरच घ्यावा, कारण तो चीकच त्वचेस झोंबतो. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी; तेव्हा सोड्याच्या लेपाने तिचे संरक्षक आवरण बिघडते. मुलतानी माती व बेसन कोरड्या अंगास आणखी कोरडे करतात. लिंबू चोळून उन्हात जाणे सर्वांत वाईट, कारण त्याच्या रसातील द्रव्यांवर सूर्यकिरण पडताच भाजल्यासारखे डाग पडतात व ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व बेंबीभोवती बसणारी आणि घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्यालाही सुटलेली खाज ही बहुतेक खरूज समजावी, व पाल्याच्या नादी न लागता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरावी. पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम गळ्याखाली सर्वांगास लावून रात्रभर ठेवतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात; पण ते घरातील सर्वांनी, खाज नसणाऱ्यांनीही, एकाच रात्री लावावे लागते आणि त्याच वेळी कपडे व अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुवावे लागते. एकट्या रोग्याला मलम लावून बाकीच्यांना वगळले, तर किडा त्यांच्याकडून पुन्हा परततो. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, आणि नेमक्या याच मुदतीत औषध फसले असे समजून लोक पुन्हा बिब्ब्याकडे वळतात.