सावित्रीने नेलेला दगड

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना बाजूला काळा कातळ असतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर तोच तांबडा जांभा झालेला दिसतो. मूळ दोन्हींचं एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. या बेसाल्टच्या वजनातला जवळजवळ निम्मा वाटा सिलिकाचा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचा. माथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. लाखो वर्षं त्याने कातळातला सिलिका विरघळवून नेला. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. जांभ्याची लाली त्या लोहाची. मग सिलिकॉन गेलं कुठे?

भूकवचात ऑक्सिजनच्या खालोखाल हेच मूलद्रव्य, वजनाने सुमारे २८ टक्के. तरी निसर्गात ते सुटं जवळजवळ कधीच सापडत नाही, ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून असतं. स्वीडनच्या बर्झेलियसने १८२४ साली ते वेगळं केलं. शुद्ध सिलिकॉन राखाडी, चकचकीत आणि ठिसूळ. वितळायला १,४१४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. मोबाइलची चिप आणि सौर पॅनेल त्याचीच, पण त्यांचा कच्चा माल बेसाल्ट नव्हे, शुद्ध गार. जिच्यावर लोखंड घासून आपल्या पूर्वजांनी ठिणगी पाडली ती गारगोटीही सिलिकाच.

कातळातलं सगळं सिलिकॉन पाण्याबरोबर जात नाही. काही ॲल्युमिनियमशी जुळून चिकणमाती होतं. तिचे कण पापुद्र्यांसारखे चपटे. पाणी मुरलं की माती फुगते, जड होते, निसरते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. त्या दिवसानंतर मला इथल्या उतारावरची ओली माती नुसती माती म्हणून बघता येत नाही.

उरलेल्यातलं काही सिलिकॉन भात उचलतो. भाताचं रोप पाण्यात विरघळलेला सिलिका मुळांतून ओढून घेतं आणि पानांत, तुसांत काचेसारखा साठवतं. त्यानेच ताट ताठ राहतं, किडीला पान कुरतडणं जड जातं. कापणीला उतरलेल्या बाईच्या बोटांवर आणि मनगटांवर जे बारीक ओरखडे उठतात, ते या काचेचे. पात्यावरून बोट टोकाकडून बुंध्याकडे फिरवून बघा, करवतीसारखं लागतं. भातगिरणीमागचं तूस जाळलं तर वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख उरते, आणि ती बहुतेक सगळी सिलिका. नीट जळालेलं तूस पांढरं होतं, पण आकार सोडत नाही. बोट लावलं की मगच त्याचा भुगा होतो. बारीक दळलेली ही राख सिमेंटमध्ये मिसळली तर काँक्रीट अधिक घट्ट होतं. आपल्याकडे तिचे ढीग उकिरड्यावर जातात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

बाकीचं सिलिकॉन सावित्री नदी पोलादपूर, महाड, दासगाव करत बाणकोटच्या खाडीपर्यंत नेते. तिथे डायटम नावाची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शेवाळं ते पाण्यातून उचलतात आणि त्याची नक्षीदार, पारदर्शक डबी स्वतःभोवती बांधतात. शेवाळ मेलं की डबी गाळात जाऊन बसते.