फुटण्याआधीचा टायर

पोलादपूरहून मुंबई-गोवा महामार्गाचा जुना रस्ता कशेडी घाट चढून खेडकडे जातो आणि दुसरा रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठतो. पावसाळ्यात दोन्हीकडे खड्डे, दरडीचे धारदार दगड आणि वाहते पाणी यांचा मारा मोटारीच्या टायरवर होत राहतो. पुढे उन्हाळ्यात असा टायर द्रुतगती मार्गावर फुटला, तर दोष तापलेल्या काँक्रीटला दिला जातो. हा निवाडा उतावळा आहे, कारण एका क्षणात फुटलेला दिसणारा रेडियल टायर बरेचदा आतून आधीच सुटत आलेला असतो.

‘मिशेलिन’ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत दोन कामे दोन थरांना वाटून दिलेली असतात. हवा कोंडणाऱ्या रबरी अस्तरावर पॉलिएस्टरच्या दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने जातात आणि रिमवर बसणाऱ्या कडेतील, म्हणजे ‘बीड’मधील, पोलादी तारांच्या वेढ्याभोवती दुमडल्या जातात, त्यामुळे टायरची बाजू लवचीक राहते. नक्षीखाली मात्र पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांना तिरपा छेद देत बसवलेले असतात आणि ते रस्त्याला टेकणारा भाग ताठ ठेवतात.

पोलाद आणि रबर आपणहून नीट चिकटत नाहीत, म्हणून तारांना पितळेचा अतिशय पातळ मुलामा देतात. तप्त साच्यात टायर पक्का होताना पितळेतील तांबे आणि रबरातील गंधक यांच्या संयोगाने सल्फाइडचा जो थर बनतो, तोच दोघांना बांधून ठेवतो. पट्टा जिथे कापला जातो, तिथे तारांची टोके मुलाम्याविना उघडी राहतात, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दोन पट्टे परस्परविरुद्ध सरकू पाहतात तेही त्याच कडेला. तिथे पडलेली सूक्ष्म चीर दोन पट्ट्यांच्या मधून सरकत जाते आणि अखेरीस वरचा पट्टा नक्षीसकट सोलून निघतो. हवा कमी असली की बाजू अधिक वाकते, उष्णता साठते आणि चीर वेगाने वाढते. २००० साली अमेरिकेत ‘फायरस्टोन’ला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले, ते नक्षी अशी सुटत असल्यामुळेच.

खड्ड्याची इजा वेगळी असते. रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात बाजू चिमटली जाऊन आतल्या दोऱ्या तुटतात व तिथे फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. खिळ्याचे भोक बाहेरून रबरी दोरी खुपसून बुजवले, तर हवा थांबते, परंतु पाणी पोलादापर्यंत झिरपू शकते आणि गंज चढला की पितळेने जुळवलेला सांधा ढिला होतो.

कायद्यानुसार मोटारीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पण खोलीवरून रबराचे वय कळत नाही. मुंबईत वर्षभर उभी राहून गणपतीला कोकणात निघणाऱ्या मोटारीची नक्षी कोरी दिसते. आतल्या दाबाने थरांत शिरणाऱ्या ऑक्सिजनने मात्र रबर कडक होत गेलेले असते. त्यात पाच माणसे, डिकीभर सामान आणि रोजच्याइतकीच हवा. पूर्ण भारासाठीचा जास्तीचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत बहुधा छापलेला असतो आणि तो टायर थंड असताना, म्हणजे निघण्यापूर्वी, मोजायचा असतो. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांतून त्याची जन्मतारीखही वाचता येते: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा.