‘मूकनायक’ची नाकारलेली जाहिरात आणि जनसंपर्काचे शिक्षण

गेल्या वर्षी दहावीच्या निरोप समारंभानंतर आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, जाहिरातीचे शिक्षण कुठे मिळते?” मी इतिहासाचा शिक्षक. पटकन बोलून गेलो, “जाहिरात काय शिकायची असते? स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लाग.” ती गप्प झाली. त्या रात्री मला १९२० सालची एक जाहिरात आठवली आणि आपले उत्तर चुकले, असे वाटू लागले.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले होते. असे पत्र निघत असल्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठविण्यात आली. पैसे देण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने ती छापली नाही. ही हकीकत आपण दरवर्षी व्याख्यानांतून सांगतो. परंतु सांगताना ‘केसरी’च्या वृत्तीपाशीच थांबतो. बाबासाहेबांना जाहिरात का हवी होती, हा प्रश्न विचारीत नाही. पत्र निघाले आहे हे कळल्यावाचून वर्गणीदार मिळत नाहीत, हे त्याचे सरळ उत्तर. दुसरे कारण अधिक खोल आहे. वर्तमानपत्राचा खर्च अंकाच्या किमतीतून भागत नाही. तो बव्हंशी जाहिरातींवर चालतो. ज्या समाजाकडे ना व्यापार ना कारखाने, त्याच्या पत्राला जाहिरातदार कोठून मिळणार? ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ नंतर टिकले नाही. बाबासाहेबांची लेखणी समर्थ होती. कमतरता पैशाची होती.

जाहिरात आणि जनसंपर्क हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत भेद आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. एखादा कारखानदार पैसे मोजून वृत्तपत्रात जागा घेतो आणि आपल्या भांड्यांविषयी हवे ते छापतो, ती जाहिरात. उद्या महापालिकेला दोन दिवस पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला, तर का, किती वेळ, टँकर कुठे मिळेल, हे नागरिकांना वेळेवर सांगणे आणि त्यांचा राग ऐकून घेऊन तो वरिष्ठांपर्यंत पोहोचविणे हा जनसंपर्क. पहिल्यात जागा विकत मिळते. दुसऱ्यात विश्वास कमवावा लागतो.

मराठी माणसाला हा व्यवसाय नवा नाही. गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम यांची जाहिरातसंस्था सुरू झाली. देशातील अगदी आरंभीच्या जाहिरातसंस्थांत तिची गणना होते. अमेरिकेत एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्क हा विषय शिकविण्यास प्रारंभ केला. याच बर्नेज यांनी १९२९ मध्ये एका तंबाखू कंपनीसाठी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत तरुणींच्या हाती सिगारेटी दिल्या आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटले. स्त्रीमुक्तीची भाषा सिगारेट खपविण्यासाठी वापरली गेली. हे शास्त्र शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग ठाऊक असला पाहिजे, असे मला वाटते.

शिक्षणाच्या वाटा मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्यांना लोकलच्या अंतरावरच आहेत. आपले शहर मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. बारावीनंतर या विद्यापीठाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्वी बीएमएम म्हणून ओळखला जाई. २०१९-२० पासून त्याचे नाव बीएएमएमसी झाले. जाहिरात की पत्रकारिता, ही निवड त्यात शेवटच्या वर्षी करावयाची असे. मजकूरलेखन, ग्राहकवर्तन, माध्यमनियोजन असे विषय असत. नव्या शैक्षणिक धोरणामुळे रचना बदलत असल्याने प्रवेशापूर्वी चालू अभ्यासक्रम पाहून घ्यावा. काही महाविद्यालयांनी तो मराठी माध्यमातूनही चालविला आहे. तरी इंग्रजीकडे पाठ फिरवून या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. पदवीनंतर विद्यापीठाच्या जनसंवाद व पत्रकारिता विभागात जनसंपर्क विषयात एम.ए. करता येते. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनेही मुंबईत जनसंवादाचे महाविद्यालय चालविले आहे.

स्पर्धा परीक्षेचा माझा हट्टही येथे सुटत नाही. राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे; ‘लोकराज्य’ मासिक तेच काढते. त्यातील जिल्हा माहिती अधिकाऱ्यांची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि त्यांना आरक्षण लागू आहे.

मुलीच्या आईने विचारलेला प्रश्न मात्र अवघड होता. पंचशीलातील चौथे शील असत्य न बोलण्याचे. मग जाहिरातीचा धंदा आपल्या मुलीने कसा करावा? मी त्यांना कायदा सांगितला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १९८५ पासून मुंबईत जाहिरात मानक परिषदही काम करते. पण त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे तर माझेही झाले नाही. कायदा खोटेपणाला हात घालतो, अपमानाला क्वचितच. विवाहविषयक जाहिरातींत ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’ हे शब्द आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. १९७५ साली बाजारात आलेल्या एका गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जाण्यास २०२० साल उजाडावे लागले. अशा जाहिराती मंजूर करणाऱ्या टेबलाभोवती आपल्या वस्तीतून आलेली एखादी मुलगी बसली असती, तर निदान आक्षेप तरी नोंदविला गेला असता. (आपल्याही जयंतीच्या फलकांकडे पाहावे: शुभेच्छुकांचे चेहरे मोठे, बाबासाहेब कोपऱ्यात आणि व्याख्यानाची वेळ लिहावयाची राहून गेलेली!)

शुल्काची चिंता असणाऱ्या पालकांसाठी एवढेच: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, हे अनेक तरुण पालकांना ठाऊक नसते. जातीचा व उत्पन्नाचा दाखला दहावीतच काढून ठेवावा.

या वर्षी शाळेच्या प्रवेशाचे पत्रक मी त्याच विद्यार्थिनीकडून लिहून घेतले. पहिल्या मसुद्यात ‘सर्वोत्कृष्ट निवासी शाळा’ असे शब्द होते. “हे सिद्ध करता येईल का?” असे मी विचारले. तिने ती ओळ खोडली आणि त्या जागी तीन गोष्टी लिहिल्या: अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, पालकांनी मुलांना भेटण्याचा वार कोणता आणि भाईंदर स्थानकाबाहेरून कोणती बस पकडावी.