‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळली आहे की, वडीलधाऱ्या माणसाच्या वागण्यात बदल दिसला तरी तिच्यापलीकडे कोणी फारसा विचार करीत नाही. आजोबा तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागले, आजींचा एरवीचा शांत स्वभाव तिरसट झाला, पूजा, वर्तमानपत्र, शेजारच्या गप्पा यांतला रस आटला, की ‘आता वय झाले’ एवढे म्हणून घर पुढे जाते. वाचकहो, या बदलांमागे अनेक कारणे असू शकतात आणि त्यांतली काही खरोखरच परतवता येत नाहीत. परंतु एक कारण असे आहे, जे साध्या रक्ततपासणीने कळते आणि स्वस्त औषधाने बरे होते. वेळेत कळले नाही तर मात्र कायमची हानी करून जाते. ते म्हणजे ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता.

शरीराला हे जीवनसत्त्व दिवसाला जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रक्तातील तांबड्या पेशी घडण्यासाठी ते लागते, तसेच मज्जातंतूंवरचे आवरण शाबूत राहण्यासाठीही लागते. हे आवरण झिजू लागले की त्याची खूण प्रथम पायांत दिसते. तळव्यांना मुंग्या येतात, पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, अंधारात तोल जातो. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका सत्तरीतल्या गृहस्थांची तक्रार अशी होती की, चालताना पायातली चप्पल कधी निसटते ते कळतच नाही, आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मोरीत भिंतीचा आधार घ्यावा लागतो. त्यांच्या सुनेची तक्रार वेगळीच होती. मामंजी हल्ली संशय घेतात, पैसे कोणी नेले म्हणून दिवसभर कपाट उघडतात, रात्री झोपत नाहीत, असे ती सांगत होती. दोन्ही तक्रारी एकाच आजाराच्या आहेत, हे त्या दोघांच्याही ध्यानी आले नव्हते.

मनावर होणारे परिणाम असेच फसवे असतात. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, कशातच मन न लागणे, विचार संथ होणे, आणि क्वचित संशय किंवा भास. कित्येकदा रक्ताचे प्रमाण उत्तम असते आणि तरीही मज्जातंतू व मेंदू यांवर परिणाम झालेला असतो. त्यामुळे ‘हिमोग्लोबिन चांगले आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण आजही होणारी एक गल्लत त्यावरून समजते. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली आणि तिने गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांतील पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे तिला आढळले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. ब-१२ मात्र त्यानंतर, १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले. ही दोन्ही जीवनसत्त्वे रक्त घडविण्याच्या कामात जोडीने वावरतात, आणि धोका नेमका येथेच आहे. ब-१२ कमी असलेल्या माणसाने केवळ फोलिक अ‍ॅसिड घेतले तर त्याचे रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. म्हणून अशक्तपणासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले लोह व फोलिक अ‍ॅसिडचे टॉनिक ज्येष्ठांना महिनोन्‌महिने देऊ नये.

आपल्याकडे ही कमतरता किती आढळते? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गीयांत तर हे प्रमाण ८१ टक्के होते. खाऊनपिऊन सुखी म्हणावे असाच हा वर्ग!

याचे मुख्य कारण आहारात आहे. ब-१२ हे काही जिवाणूच तयार करतात आणि आपल्याला ते मिळते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून. पालक, बीट, खजूर, मोड आलेली कडधान्ये हे सारे पौष्टिक खरे, पण त्यांत ब-१२ नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांतला त्यासारखा दिसणारा पदार्थ माणसाच्या उपयोगी पडत नाही. शाकाहारी ज्येष्ठांचा सारा भरवसा दुधावर असतो, आणि ते दूध पुष्कळदा चहात घालण्यापुरतेच उरलेले असते. एक मोठा पेला दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम ब-१२ मिळते, यावरून हिशेब करावा. शाकाहार सोडा असे मी कोणालाही सांगत नाही. त्याची गरजही नाही.

मासे खाणाऱ्या कोकणातल्या आजीही सुरक्षित असतातच असे नाही. अन्नातले ब-१२ मोकळे होण्यास जठरातील आम्ल लागते आणि वयानुसार अनेकांचे ते कमी होत जाते. त्यात भर म्हणजे औषधे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन ब-१२चे शोषण घटवते. पित्तासाठी रोज सकाळी घेतली जाणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल दीर्घकाळात तेच करते. म्हणून मेटफॉर्मिन आपण होऊन थांबवू नये. ब-१२ तपासून घ्यावे. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्याने ही तूट फार हळूहळू उघडी पडते.

तपासणी इंजेक्शन घेण्यापूर्वी करावी. एकदा इंजेक्शन घेतले की अहवालातला आकडा फसवा येतो. साधारणपणे २००पेक्षा कमी म्हणजे कमतरता आणि २०० ते ३०० म्हणजे संशयास्पद, अशा वेळी डॉक्टर आणखी तपासण्या सुचवतील. त्याच वेळी थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि रक्तातील सोडियमही पाहून घ्यावे. मुंग्या, तोल जाणे, विस्मरण अशी लक्षणे असतील तर उपचाराची सुरुवात बहुधा इंजेक्शनांनी होते. इतरांना रोजची गोळी पुरते, कारण गोळीतले ब-१२ अन्नात अडकलेले नसते आणि मोठ्या मात्रेतील थोडा अंश जठराच्या मदतीशिवायही शोषला जातो. मात्र मुंग्यांसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत ब-१२सोबत प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन असते. त्याने गुंगी येते आणि म्हातारी माणसे पडतात, तेव्हा पाकिटावरील नाव पूर्ण वाचावे.

सुधारणा किती होईल? रक्त काही आठवड्यांत सुधारते, मज्जातंतू व मन यांना तीन ते सहा महिने लागू शकतात. लक्षणे जितकी जुनी, तितके कमी परत येते. अल्झायमर ब-१२ने बरा होत नाही, आणि ज्यांचे प्रमाण मुळात योग्य आहे त्यांची स्मरणशक्ती या गोळ्यांनी तल्लख होत नाही. ड जीवनसत्त्वाविषयीही असाच अतिउत्साह दिसतो. हाडांसाठी ते हवेच. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत त्याने नैराश्य टळत नाही असे दिसून आले. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर जीवनसत्त्वांच्या अहवालाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

आणखी एक भेद ध्यानी असू द्या. ब-१२च्या कमतरतेने होणारे बदल आठवड्यां-महिन्यांत होतात. काल ठीक असलेले माणूस आज एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर तो लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियमची घसरण, पक्षाघात किंवा डोक्याचा मार असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दवाखान्यात येताना घरातल्या औषधांची सगळी पिशवीच घेऊन यावे. गॅसची गोळी, शेजाऱ्यांनी दिलेले चूर्ण, पाठवलेल्या परदेशी जीवनसत्त्वांची बाटली, यांना ‘औषध’ समजण्याची पद्धत आपल्याकडे नाही, आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते.